एक पीळ जास्त

डोंगरांना अजून वाटा फुटल्या नव्हत्या तेव्हाची, फार फार जुनी ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी निदान आज रात्री तरी विसरू नये.

एका उंच कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं आणि त्याच कड्याच्या पायथ्याला दुसरं. दोन्हींच्या मधे सरळ उभा काळा कातळ. शेळीसुद्धा चढायला धजणार नाही असा. वरच्या गावात सपाट रान होतं, गोड पाण्याची टाकी होती, नाचणी-वरीची शेतं होती. पण मीठ खालून यायचं, लोखंड खालून यायचं आणि नवऱ्या मुलीही बहुतेक खालूनच यायच्या. हे सगळं एका वेताच्या पाळण्यातून वर जाई. माथ्यावर बारा गडी मोठा लाकडी रहाट फिरवत, त्यावर दोर गुंडाळला जाई आणि दोराला बांधलेला पाळणा हळूहळू वर चढे.

आता एवढा लांब, एवढा भरवशाचा दोर कोण वळत असेल? पायथ्याचं गाव.

त्या गावाला आपल्या दोराचा भारी अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. सोयरीक जमवताना तिथं मुलाचं घर नंतर बघत, आधी तळहातावरचे घट्टे बघत. बाजारात कुणी म्हणालं, "दोर बरा आहे हो," तर गावकरी रागावत. बरा? आमचा दोर नुसता बरा?

त्या गावाच्या तीन रीती होत्या. माथ्याचा दोर दरवर्षी नवा व्हायचा, पाऊस यायच्या आत. अंबाडी सोलायला, विंचरायला सगळं गाव हातभार लावी, पण पीळ मात्र एकाच माणसाने द्यायचा, कारण दोन हातांचा पीळ सारखा पडत नाही. ही पहिली रीत. दोर वळून झाला की तो लांबलचक पडवीत गवतावर पसरायचा आणि सात रात्री त्याला कुणी बोटही लावायचं नाही. या सात रात्रींत पीळ आपला आपण बसतो, पेड एकमेकांच्या कुशीत नीट शिरतात. याला ते म्हणत, दोर निजवणं. ही दुसरी. आणि तिसरी रीत अशी, की नव्या दोरावरच्या पाळण्यात पहिल्यांदा बसायचं ते दोर वळणाऱ्यानेच. मग बाकीच्यांनी.

माथ्याचा दोर तीस वर्षं आबा नावाच्या जुन्या कारागिराने वळला होता. आबांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी तो मान आपल्या एकुलत्या एका मुलीला दिला. तिचं नाव भिवरा. गावातच दिलेली, नवरा शेतकरी, स्वभावाने मऊ. भिवरा मात्र कणखर, हाताला चलाख आणि मनाने तिखट. गाव म्हणायचं, पोरीत बापाचा हात उतरलाय. हे ऐकलं की भिवरा मान खाली घाली, पण गालात हसू मावत नसे.

तिचा पहिला दोर चढला. ती पाळण्यात बसून वर गेली, खाली आली. सगळं झकास झालं.

सहा महिने गेले. मार्गशीर्षात माथ्याच्या पाटलांच्या मुलाचं लग्न झालं आणि नवी सून पाळण्यात बसून सासरी निघाली. पाळणा निम्म्या कड्यावर पोचला आणि दोराला हिसका बसला. तीन पेडांतला एक पेड एका जागी विरला होता. पाळणा हातभर खाली आला, गरकन फिरला आणि थांबला. बाकीच्या दोन पेडांनी भार धरून ठेवला. नवरीच्या ओटीतला नारळ तेवढा सुटून दरीत गेला. नवरी सुखरूप वर पोचली. दोराची ती जागा दुहेरी बांधून घेतली आणि मागाहून वऱ्हाडही जपून जपून वर गेलं.

पाळण्यात बसण्याआधी पाटील भिवराकडे वळून एवढंच म्हणाले, "तुझ्या बापाच्या दोराला असा हिसका कधी बसला नव्हता."

त्या दिवसापासून ठरलं, की या दोरावर फक्त मीठ आणि धान्य चढवायचं. नवा दोर होईपर्यंत माणूस बसवायचा नाही. माथ्यावरची माणसं माथ्यावर राहिली आणि पायथ्याची पायथ्याला.

भिवराने त्याच संध्याकाळी आपली चूक शोधून काढली. अंबाडीची एक जुडी पुरती वाळली नव्हती. घाईत तिने ती तशीच पेडात घेतली होती, आणि आतल्या ओलीने ती जागा कुजली. तिला ते कळलं आणि पुन्हा तसं कधी करायचं नाही, हेही तिने मनाशी पक्कं केलं. खरं म्हणजे गोष्ट तिथंच संपायला हवी होती.

पण रात्री भिवरा अंथरुणाला पाठ टेकायची आणि पाटलांचं वाक्य उशाशी येऊन बसायचं. तुझ्या बापाच्या दोराला असा हिसका कधी बसला नव्हता. ती कूस बदले. वाक्यही त्या कुशीला येई. मग हिसका बसताना ऐकलेला आवाज. मग ज्या दिवशी ओली जुडी हातात घेतली तो दिवस. मग जे झालं नव्हतं ते, म्हणजे उरलेले दोन पेडही तुटताहेत आणि हिरवा शालू दरीत चाललाय. तिथून पुन्हा पहिलं वाक्य. घाण्याचा बैल जसा निघाल्या जागी परत येतो तशी ती पहाटे त्याच ठिकाणी आलेली असे, आणि कोंबडा आरवे.

सकाळी डोळे जड, तोंड कडू. एकाच कालवणात ती दोनदा मीठ घाली आणि वर नवऱ्यालाच विचारी, "तोंड का वाकडं करताय?" तो बिचारा पाणी पिऊन पुढचा घास घेई. शेजारणी हसल्या तरी तिला वाटे, आपल्यालाच हसल्या. वर्षानुवर्षं हाताखालून गेलेली कामं ती विसरायला लागली.

"अगं, जरा झोपत जा," नवरा म्हणाला. "रात्रभर तुझ्या बांगड्या वाजत असतात."

"झोपा काढणाऱ्यांचे दोर तुटतात," भिवरा म्हणाली. "मी जागी आहे म्हणून यंदाचा तुटणार नाही."

इथंच तर ती फसली. जागणं म्हणजे काळजी घेणं, असं तिने धरलं होतं. उलट त्या जागण्याचा तिला थोडा मोठेपणाच वाटायला लागला होता. सगळं गाव घोरतंय आणि मी एकटी या दोरासाठी डोळ्याला डोळा लावत नाही! माणसाला कशाचा मोठेपणा वाटेल, काही नेम नाही.

पौषात नव्या दोराचं काम सुरू झालं. भिवराने प्रत्येक जुडी तीन तीनदा उन्हात वाळवली. ते चांगलंच केलं. पण पीळ देताना हाताला वाटे, पुरे झाला. आणि मन म्हणे, असू दे, आणखी एक. ती आणखी एक पीळ देई. मग रात्री पडल्या पडल्या वाटे, दुपारी जिथं थांबले तिथं ढिला राहिला असणार. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पूर्वी ती डोळे मिटून नुसत्या बोटांनी दोर ओळखायची. आता ती बोटांचं ऐकेनाशी झाली. रात्रीचं मन सांगेल ते दिवसाचे हात करू लागले.

ज्येष्ठ उजाडला. दोर पुरा झाला आणि पडवीत गवतावर निजवला. सात रात्री. त्याला हात लावायचा नाही.

पहिल्याच रात्री भिवरा उठली, दिवा घेऊन पडवीत गेली आणि दोराच्या शेवटाला बांधलेली चिंधी सोडून तिने एक पीळ वाढवला. चिंधी पुन्हा बांधली आणि घरी आली. वाटलं होतं आता झोप येईल. आली नाही. दुसऱ्या रात्री ती पुन्हा गेली. तिसऱ्या रात्रीही. साती रात्री दोर निजला नाही आणि ती निजली नाही, आणि हे त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

आठव्या दिवशी गाव चिंचेखाली जमलं. दोर नेहमी थोडा जास्त लांब वळत आणि शेवटचे दहा हात कापून त्याला तीन माणसांच्या वजनाचा धोंडा टांगून बघत. आबा पाराला टेकून बसले होते. दोर जमिनीवर सैल सोडला तेव्हा तो सरळ पडलाच नाही. चिडलेल्या सापासारखा स्वतःभोवतीच वेटोळी घालायला लागला. आबांच्या कपाळाला आठी पडली. पण ते बोलायच्या आत गड्यांनी तो तुकडा फांदीला बांधून धोंडा टांगलाही होता.

लाकूड मोडावं तसा आवाज झाला. धोंडा धप्पकन खाली आला.

त्या गावात हे कधी घडलंच नव्हतं. भिवरा तुटक्या टोकाकडे बघत उभी राहिली. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला.

बातमी मिठाच्या पाळण्याबरोबर वर गेली आणि संध्याकाळपर्यंत रहाटाच्या गड्यांची हाळी कड्यावरून खाली आली. "पाटील म्हणतात, सूनबाई पोटुशी हाय! सातवा लागलाय! पावसाआधी तिला माहेरी उतरवायची हाय! दहा दिवसांत दोर द्या, न्हायतर जुन्याच दोरावर बसवावं लागंल!"

तीच सून. त्याच हिसक्यातून वाचलेली. आणि तोच विरलेला दोर. भिवराने तुटका तुकडा उचलून घेतला.

माणसं पांगल्यावर आबा काठी टेकत तिच्याजवळ आले. तुटलेला तुकडा त्यांनी मांडीवर घेतला आणि थरथरत्या बोटांनी चाचपला.

"अंबाडी उत्तम हाय," ते म्हणाले. "वाळलीबी झकास. मी तीस वर्षांत असला माल बघितला न्हाई."

"मग तुटला का, आबा?"

"हे तू मला सांगायचं. दोर निजवला व्हतास का?"

भिवराने मान हलवली, नाही. मग तिने सगळं सांगितलं. सात रात्री सांगितल्या, त्याच्या आधीच्या रात्री सांगितल्या, पाटलांचं वाक्यही सांगितलं. ते वाक्य इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. बोलता बोलता ती रडायला लागली. आबांनी तिला रडू दिलं.

"एक सांग," मग ते म्हणाले. "जुडी ओली व्हती, ही चूक तुला कधी उमगली?"

"त्याच दिवशी. सांजच्याला."

"बरं. आणि त्यानंतर किती रात्री जागलीस?"

"दोनशे तरी झाल्या असतील."

"त्या दोनशे रात्रींत नवीन काय उमगलं?"

भिवराने एकेक रात्र मनात मोजली. आठवून बघितलं. एकही गोष्ट सापडली नाही.

"न्हाई ना?" आबा म्हणाले. "चूक शिकवते ती एका दिवसात. तो धडा तू घेतलास, म्हणून तर अंबाडी अशी वाळवलीस. त्या दिवसाचा मला अभिमान हाय, पोरी. पण पुढं तू विचार करत न्हवतीस. नुसतीच पिळत व्हतीस. पीळ लागंल तेवढा दिला की दोर घट्ट व्हतो. त्याच्यापुढं दिलास की तो आतल्या आत एकेक तंतू तुटायच्या बेताला आणतो. वरून मात्र घट्टच दिसतो."

"आता नवा दोर दहा दिवसांत कसा होणार?"

"नवा कशाला? हायच की हा. जास्तीचं काढायचं, बस. आणि मग दोघांना निजवायचं. दोराला आणि तुला."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव कामाला लागलं. त्या गावाचा मला अभिमान वाटतो तो इथं. कुणी भिवराला बोल लावला नाही, कुणी टोमणा मारला नाही. दोर नदीच्या कोरड्या पात्रात वाळूवर लांबवला. वीस वीस पावलांवर एकेक माणूस दोर हातावर घेऊन उभा राहिला, आणि शेवटाला भिवरा. ती डोळे मिटून एकेक पीळ उलटा सोडत गेली. किती सोडायचे हे मनाला विचारलं नाही, बोटांना विचारलं. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची बोटं म्हणाली, पुरे. मन म्हणालं, आणखी एक इकडे, आणखी एक तिकडे. ती थांबली.

दोर पडवीत निजवला. आबांनी तिच्या हातात एक लाल चिंधी दिली.

"काम अर्धं राहिलं की आपण दोराच्या टोकाला चिंधी बांधतो. कशासाठी?"

"पीळ उलगडू नये म्हणून. आणि सकाळी तिथूनच धरता यावं म्हणून."

"तसंच डोक्याचं कर. दिवस मावळायच्या आत ओट्यावर बस. ज्याची भीती वाटते ते मोठ्यानं बोल. त्यावर उद्या काही करण्यासारखं असलं तर तेबी बोल. नसलं तर न्हाई म्हण. आणि चिंधी खुंटीला बांध. रात्री तोच विचार आला तर त्याच्याशी भांडू नको. म्हणायचं, चिंधी बांधलीय बाबा, सकाळी ये."

"आणि झोप नाहीच आली तर?"

"तर नको येऊ दे. तिला वढायची न्हाई. ताणलेला दोर निजतो व्हय कधी? नुसती अंग सैल टाकून पड."

भिवराला वाटलं, एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. आणि ते सोपं नव्हतंच. पहिल्या संध्याकाळी तिने भीती बोलून दाखवली, चिंधी बांधली आणि रात्री टक्क जागी राहिली. वाक्य आलं. ती म्हणाली, सकाळी ये. ते गेलं आणि लगेच परत आलं. पन्नासदा आलं. पन्नासदा तिने तेच सांगितलं. सकाळी ती दमलेली होती, पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. या वेळी त्या वाक्याच्या मागे मागे ती दरीपर्यंत गेली नव्हती.

दुसऱ्या रात्री जरा डुलकी लागली. तिसऱ्या रात्री प्रहरभर झोप.

चौथ्या रात्री मात्र तिचा धीर सुटला. पोटुशी बाई, उभा कडा, आणि आपण तर पीळ सोडून ठेवलेत! ती उठली आणि अनवाणीच पडवीपर्यंत गेली. कडीवर हात ठेवला. आत दोर अंधारात पडला होता, शांत. बाहेर ती उभी होती. एक पीळ, मन म्हणालं. फक्त एकच. तिने श्वास सोडला आणि कडीवरचा हात काढला.

"निज बाबा," ती दाराकडे बघून म्हणाली. "मीही जाते."

घरी येऊन ती पडली आणि उजाडेपर्यंत झोपली. नवरा उठला तेव्हा त्याला बांगड्यांचा आवाज आला नाही म्हणून तो घाबरून बघायला आला, आणि ती झोपली आहे हे पाहून चुलीशी स्वतःच जाऊन बसला. त्या दिवशीच्या भाकरी काळ्या झाल्या होत्या. भिवराने त्या चार दिवसांच्या उपाशासारख्या खाल्ल्या.

पाचव्या, सहाव्या, सातव्या रात्री तिला झोप लागली. एखाद्या रात्री उशिरा, एखाद्या रात्री लवकर. कालवणात मीठ एकदाच पडू लागलं. शेजारणी हसल्या तेव्हा तिने विचारलं, "काय गं, मलाही सांगा की," तर कळलं, त्या कुणाच्याशा रेडकाला हसत होत्या. बहुधा आधीही रेडकालाच हसत असतील.

दहाव्या दिवशी दोर बाहेर काढला. जमिनीवर सैल सोडला तर नुकत्याच जेवून आडव्या झालेल्या माणसासारखा सरळ पडला. शेवटचे दहा हात कापून धोंडा टांगला. दुपार झाली, धोंडा लटकत होता. संध्याकाळ झाली, धोंडा लटकत होता. पोरांनी त्याच्यावर बसून झोके घेतले. आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोर रहाटावर चढला. आकाशात ढग जमायला लागले होते. माथ्यावर कड्याच्या काठाला सगळं वरचं गाव उभं, पायथ्याला सगळं खालचं. पाटील रहाटापाशी उभे होते आणि त्यांच्या मागे पदर सावरत त्यांची सून. सहा महिन्यांपूर्वीचा तो हिसका तिच्या अंगातून अजून गेला नव्हता. पाळण्याकडे ती बघतही नव्हती.

भिवरा पाळण्यात बसली. "वढा!" आबांनी हाळी दिली.

पाळणा उचलला गेला. हळू, एका लयीत. माणसं श्वास रोखून बघत होती. गेल्या वेळी जिथं हिसका बसला होता ती जागा आली. बारा गड्यांचे हात क्षणभर आखडले. पाळणा ती जागा ओलांडून वर आला. हिसका नाही, गिरकी नाही.

पाळणा काठाला लागला, पण भिवरा उठली नाही. मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले.

"भोवळ आली जणू!" एक गडी ओरडला. "पाणी आणा!"

पाटलांची सून भीती विसरून पुढे झाली आणि पाळण्यावर वाकली. तिने कान जवळ नेला. मग ती मागे वळली, आणि तिला हसू आवरेना.

"भोवळ कसली? मामंजी, ह्या घोरताहेत!"

खरंच. उभ्या कड्यावर, दरीच्या तोंडावर, आपल्याच हाताने वळलेल्या दोराच्या भरवशावर भिवरा गाढ झोपली होती. महिनोन्महिने अंगात साठलेली झोप, सकाळचं कोवळं ऊन आणि पाळण्याचा झोका. दुसरं काय होणार?

गलक्याने तिला जाग आली. "आलं का वर?" ती डोळे चोळत म्हणाली, आणि समोर पाटलांना पाहून पदर सावरत उठली. आता विचारलंच पाहिजे, असं तिला वाटलं.

"पाटील, तुम्ही त्या दिवशी म्हणाला होतात, तुझ्या बापाच्या दोराला असा हिसका कधी बसला नव्हता. आता काय म्हणता?"

पाटलांनी कपाळ खाजवलं. "मी? असं म्हणालो होतो?"

"लग्नाच्या दिवशी. पाळण्यात बसताना."

"असेल बुवा. भ्यालो असेन. मला तर आठवतंय, वर आलो, पंगतीला बसलो, चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि आडवा झालो तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो."

दोनशे रात्री! ज्याने ते वाक्य म्हटलं तो पहिल्याच रात्री ते विसरून झोपला होता, आणि तिने ते एकटीने उशाशी वाढवलं होतं. आधी भिवराला राग आला. मग हसू आलं, आणि ते थांबेचना. ती हसतेय म्हणून सगळेच हसले.

"दोर तपासून घ्यायचा का एकदा?" रहाटावरच्या गड्याने पाटलांना विचारलं.

पण सून तोवर पाळण्यात जाऊन बसली होती. "आता आणखी काय तपासायचं?" ती म्हणाली. "वळणारी ज्याच्यावर झोपते, त्याच्यावर मी नुसती बसायला का भिऊ? सोडा पाळणा. आई वाट बघतेय."

पाळणा खाली गेला. तो जमिनीला टेकला तेव्हा आबांनी सुनेला हात देऊन उतरवलं, आणि पायथ्याच्या गावाने जो जयघोष केला तो म्हणे तीन डोंगरांपलीकडे ऐकू गेला. त्याच रात्री पाऊस आला. सून माहेरच्या माजघरात झोपली होती आणि मागाहूनच्या पाळण्याने उतरलेली भिवरा आपल्या घरात. दोन-अडीच महिने गेले आणि सुनेला मुलगी झाली. तिच्या पाळण्याची दोरी भिवरानेच वळून दिली, लागेल तेवढाच पीळ देऊन.

तेव्हापासून त्या गावाच्या रीती तीनाच्या चार झाल्या. दोर निजवायच्या सात रात्रींत गावाची माणसं आता रोज सकाळी दोर वळणाऱ्याच्या घरी जातात आणि दोराचं काहीच विचारत नाहीत. विचारतात एवढंच, "झोप लागली का?" लागली असली तरच दोर वर चढतो. आणि त्या गावाचा दोर पुन्हा कधी तुटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

बोध: चुकीचा धडा दिवसा एकदाच घ्यावा आणि रात्र झोपेला द्यावी, तोच तो विचार पिळत जागणाऱ्याची झोपही जाते आणि हातचं कामही.